आधी कॉलेज पाहा, मग पसंती लिहा!

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की आमच्या घराची कडी वाजू लागते. खरं तर मी प्राथमिक शाळेतली बाई. माझ्या वर्गात असतात ती पहिली ते चौथीची पिल्लं. पण ज्यांना मी पाटीवर 'ग' गिरवायला शिकवला, तीच पोरं सहा वर्षांनी माझ्याहून उंच होऊन दारात उभी राहतात. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात मोबाइल! पेढा तोंडात टाकायच्या आतच प्रश्न येतो, "बाई, आता कुठलं कॉलेज?"

२०२५ सालच्या मे महिन्यात माझी अशीच एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. दहावीला ८१ टक्के मिळालेले. त्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन सुरू झाले. त्याआधी ते मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच ठिकाणी तसे होत. त्यामुळे आमच्या गावाला हे सारं नवीन होतं. अर्जात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची असतात. तिच्या वडिलांनी बाजारपेठेतल्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातून यादीच तयार करून आणली होती. दहाचे दहा रकाने भरलेले!

मी यादी वाचली आणि तिला विचारलं, "यातली किती कॉलेजं तू पाहिलीस?"

"एकपण नाही, बाई."

"आणि भाऊ, तुम्ही?"

वडील म्हणाले, "पाहिलं नाही, पण नाव ऐकून आहे की! पहिल्या नंबरचं ते जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं कॉलेज आहे."

आता तुम्हीच सांगा. आठवड्याच्या बाजारात वांगी घेताना आपण चार ठिकाणी फिरतो. प्रत्येक वांगं उलटंपालटं करून कीड आहे का बघतो. चप्पल घेताना पायात घालून दोन पावलं चालून बघतो. आणि आयुष्यातली दोन महत्त्वाची वर्षं जिथे काढायची, ते कॉलेज मात्र नुसतं नाव ऐकून घ्यायचं?

आधी वाट, मग कॉलेज

मी तिला दुसरा प्रश्न विचारला, "तुला पुढे काय व्हायचंय?"

वडील बोलायच्या बेतात होते. मी म्हटलं, "भाऊ, तिला बोलू दे."

ती हळूच म्हणाली, "नर्स."

आजी आजारी होती तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर घरी येत. त्यांच्याकडे बघून ही आजीचं ड्रेसिंग करायला शिकली होती. वडिलांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं इतकंच.

आता नीट वाचा हं. यादीत पहिल्या नंबरवर जी तुकडी होती, ती विज्ञान शाखेची खरी, पण बायफोकल, कॉम्प्युटर सायन्सची. बायफोकल म्हणजे २०० गुणांचा एक व्यवसाय विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो. त्या तुकडीत सुटत होतं ते नेमकं जीवशास्त्र! आणि बी.एस्सी. नर्सिंगला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतातच.

दुसरी गोष्ट नियमाची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणजे एका रकान्यामुळे त्या मुलीची नर्सिंगची वाट बंद झाली असती, आणि ते कळायलाही बारावी उजाडली असती!

म्हणून मुलांनो, कॉलेज नंतर, आधी वाट ठरवा. तिला कुठले विषय लागतात ते बघा. डॉक्टर व्हायचं तर नीट परीक्षा द्यावी लागते, त्यासाठी जीवशास्त्र हवं. इंजिनिअर व्हायचं तर गणित हवं. फार्मसीला भौतिक आणि रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक चालतं. वकिली, शिक्षकी, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा यांसाठी कला शाखा उत्तम. तिला 'कमी मार्कांची शाखा' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. हिशेबात, व्यापारात रस असेल तर वाणिज्य आहेच.

काहीच ठरत नसेल तर? घाबरू नका. सोळाव्या वर्षी सगळ्यांचं सगळं ठरतं असं थोडंच आहे? पण एक लक्षात असू द्या. विज्ञान घेतलेल्याला पुढे कला-वाणिज्याकडे वळता येतं; उलट दिशेने बहुतेक दारं बंद असतात. मात्र तेवढ्यासाठी, मुळीच न आवडणारं विज्ञान दोन वर्षं ओढत बसणं हाही शहाणपणा नव्हे.

आणि हो, दहावीनंतर अकरावीलाच गेलं पाहिजे असं कुणी सांगितलं? तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. तो चांगला झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्याचे हात यंत्रावर चालतात त्याच्यासाठी आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एका वर्षाचा. दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोयही आहे. एसटी, महावितरण, रेल्वे यांच्याकडे आयटीआयवाल्यांमधूनही शिकाऊ उमेदवार घेतात. घरातला पंप बिघडला की जो पोरगा आधी पाना शोधतो, त्याला जबरदस्तीनं अकरावीत बसवू नका!

कट-ऑफचं कोडं

"पण बाई, मोठ्या कॉलेजचा कट-ऑफ ९२ असतो. म्हणजे ते चांगलंच असणार ना?" वडिलांनी विचारलं.

कट-ऑफ ९२ म्हणजे काय? गेल्या वर्षी त्या यादीत ज्याला शेवटचा प्रवेश मिळाला, त्याला ९२ टक्के होते. बस, एवढंच! त्या कॉलेजला मागणी किती आहे ते त्यातून कळतं. तिथे शिकवतात कसं, प्रयोगशाळा उघडी असते का, हे त्यातून कळत नाही. शिवाय ते ९२ टक्के मुलांनी आपापल्या शाळेत मिळवले होते. कॉलेजात पाय ठेवायच्या आधीच!

खरं विचारायचं ते असं: इथे ७५ टक्के घेऊन आलेली मुलं बारावीला किती घेऊन बाहेर पडतात? हे कट-ऑफच्या यादीत नसतं. ते कॉलेजात जाऊनच विचारावं लागतं.

एक दिवस, तीन कॉलेजं

मग आम्ही ठरवलं, जाऊन बघायचंच. सकाळी सातची एसटी धरली. ती, तिचे वडील आणि मी. डब्यात भाकरी-पिठलं आणि सोबत एक शंभर पानी वही. सुट्टी होती, त्यामुळे वर्ग भरलेले नव्हते. पण प्रवेशासाठी ऑफिसं उघडी होती.

पहिलं ते जिल्ह्याच्या शहरातलं मोठं कॉलेज. इमारत खरंच भव्य, ग्रंथालयही देखणं. बोर्डावर गेल्या वर्षीचं वेळापत्रक अजून लावलेलं होतं. मी तिला म्हटलं, "उतरून घे." आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिकल, दुपारी पाचपर्यंत. आणि आमच्या गावाकडची शेवटची थेट गाडी पावणेपाचला! त्यानंतर मिळेल त्या वडापनं फाट्यापर्यंत यायचं आणि पुढे तीन किलोमीटर चालायचं. मोठ्या कॉलेजचा यात काही दोष नाही. पण तिनं एक तर प्रॅक्टिकल बुडवलं असतं, नाही तर अंधारातून घर गाठलं असतं.

दुसऱ्या कॉलेजात ऑफिसमधले एकजण म्हणाले, "इथे रोज यायची गरज नाही. क्लास आमच्याशी जोडलेला आहे, तिथेच बसायचं. कॉलेजला परीक्षेपुरतं आलं तरी चालेल." वडिलांना क्षणभर बरं वाटलं. मग क्लासची फी ऐकली आणि ते गप्पच झाले. वर्षभराच्या उसाच्या बिलातून काही उरलंच नसतं. मुलांनो, बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हा बोर्डाचा नियम आहे. जे कॉलेज पहिल्याच दिवशी 'येऊ नका' म्हणतं, ते तुम्हाला शिकवणार कधी?

तिसरं आमच्या तालुक्याचं कॉलेज. जुनी कौलारू इमारत, व्हरांड्यातल्या फरश्या फुटलेल्या. वडिलांचं तोंड उतरलं. पण जीवशास्त्राचे सर प्रवेशाच्या कामासाठी आलेले होते. आम्ही विचारल्याबरोबर किल्ली घेऊन निघाले आणि प्रयोगशाळा उघडली. मायक्रोस्कोप बारा, सगळे झाकून ठेवलेले. कपाटात गेल्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स होती. सरांना विचारून मी दोन उघडून पाहिली. पानापानावर लाल शाईनं दुरुस्त्या केलेल्या! शिक्षिकेच्या डोळ्यांना ते लगेच दिसतं हो. जिथे वह्या तपासल्या जातात, तिथे शिकवलंही जातं.

सरांनी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावून दिली. ती डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

सरांनी उणी बाजूही लपवली नाही. गणिताला तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत, वसतिगृह नाही, प्रवेश परीक्षांची तयारी स्वतंत्रपणे करावी लागेल, असं त्यांनी आपणहून सांगितलं. वहीत आम्ही तेही लिहून घेतलं.

चौथीच्या वर्गातलं गणित

परतीच्या गाडीत मी तिला एक गणित घातलं. चला, तुम्हीही सोडवा.

गावापासून जिल्ह्याच्या शहरापर्यंत एसटीला १ तास ४० मिनिटं लागतात. जाऊन-येऊन ३ तास २० मिनिटं. वर्षात कॉलेजचे २०० दिवस धरले, तर प्रवासात किती तास गेले?

उत्तर आलं ६६६ तास ४० मिनिटं. त्याला २४ नं भागा. जवळजवळ २८ दिवस! दिवस-रात्र धरून वर्षातला पुरता एक महिना एसटीत. तालुक्याचं कॉलेज ३५ मिनिटांवर आहे. तिथे हेच उत्तर येतं २३३ तास २० मिनिटं. म्हणजे वर्षाला ४३३ तास वाचले. ते अभ्यासाला घाला, झोपेला घाला, नाही तर मैदानावर घाला, ते तुमचेच.

याचा अर्थ जवळचं तेच चांगलं, असा मुळीच नाही हं! माझा एक विद्यार्थी शहरातल्या कॉलेजात गेला आणि ते त्याच्यासाठी अगदी योग्य होतं. त्याला गणितातच पुढे जायचं होतं, तिथे ते शिकवणारे सर उत्तम होते आणि त्याला वसतिगृहात जागा मिळाली होती. एकच सदरा सगळ्यांच्या अंगाला कसा बसेल? तुमचं गणित तुम्हीच मांडायचं.

पैशाचं मोकळेपणानं बोला

फीबद्दल विचारायला लाजू नका. एकाच कॉलेजात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशा वेगवेगळ्या तुकड्या असू शकतात. इमारत तीच, फी मात्र कितीतरी निराळी! ऑनलाइन यादीत प्रत्येक तुकडीपुढे हे लिहिलेलं असतं, तो शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असतं. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा पासही बारावीपर्यंत मोफत मिळतो.

आठवीत एनएमएमएस परीक्षा पास झाला होतात? मग वर्षाला १२,००० रुपयांची ती शिष्यवृत्ती बारावीपर्यंत चालू राहू शकते, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आपण निवडलेलं कॉलेज तिच्या नियमात बसतं का, हे आधीच विचारून घ्या. इतर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. जातीचा, उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवलात तर ऐन वेळी तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.

पैशाअभावी शिक्षण सोडायचा विचार मनात आला, तर डॉ. रघुनाथ माशेलकर यांची आठवण करा. वडील लहानपणीच वारलेले, आई कष्टाची कामं करून घर चालवायची. १९६० साली मॅट्रिकला ते बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आले, तरी पुढे शिकायला पैसे नव्हते. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि वाट मोकळी झाली. पुढे ते रसायन अभियंते झाले आणि १९९५ ते २००६ या काळात सीएसआयआरचे, म्हणजे देशातल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर गरिबांच्या मुलांसाठी 'कमवा आणि शिका'ची वाटच घालून दिली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. मदत असते मुलांनो, ती शोधावी मात्र लागते.

माझी स्वतःची गोष्ट

तुम्ही म्हणाल, बाईंना हे सारं कुठून सुचलं? चुकून शिकले, दुसरं काय!

२००४ साली मला दहावीला ७९ टक्के मिळाले. मैत्रिणी जिथे चालल्या होत्या, त्याच दूरच्या कॉलेजात मीही विज्ञानाला नाव घातलं. कॉलेज कुणी पाहिलं होतं? पाहुण्यांना सांगायला नाव छान होतं, एवढंच. वर्गात शंभरावर मुलं, मी मागच्या बाकावर. शंका विचारायला सरांपर्यंत पोहोचेपर्यंत गाडीची वेळ व्हायची. रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. बारावीला ६१ टक्क्यांवर घसरले. त्यानंतर घरी बरेच दिवस कुणी माझ्या कॉलेजचं नाव काढलं नाही.

पुढे डी.एड.ला नंबर लागला आणि मला माझं काम सापडलं. आज वर्गात उभी राहते तेव्हा मला कसलीच हळहळ वाटत नाही. पण ती दोन वर्षं मी ज्या न्यूनगंडात काढली, ती कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढं मात्र वाटतं. मी मठ्ठ नव्हते. माझी जागा चुकली होती, आणि हे मला सांगायला कुणी नव्हतं.

आई-बाबांशी दोन शब्द

आई-बाबांनो, हे पान तुम्हीही वाचताय ना? तुमची काळजी मला समजते. पण पसंतीचा अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक नावापुढे "हे का?" असं त्यालाच विचारा. उत्तर "मित्र जातोय" असं आलं किंवा तुमच्या मनातलं उत्तर "लोक काय म्हणतील" असं असलं, तर ते नाव खोडा. अर्जाचा पासवर्ड दुकानदाराकडे ठेवू नका. नियमांची पुस्तिका दरवर्षी निघते, ती मुलाबरोबर बसून वाचा. आणि मुलीचं कॉलेज लांब पडतं म्हणून शिक्षणच थांबवायचा विचार मनात आला, तर कृपा करून आधी तिच्या जुन्या बाईंना, सरांना भेटा.

वहीत लिहून न्या!

नववी-दहावीत असाल तर दिवाळीनंतर, कॉलेज चालू असताना एक दिवस जाऊन या. जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या:

१. मला हवे असलेले सगळे विषय याच तुकडीत आहेत का?
२. तुकडी अनुदानित आहे की नाही? दोन वर्षांचा एकूण खर्च किती?
३. तास रोज होतात का? (हे ऑफिसात नको, तिथल्या मुलांना विचारा!)
४. प्रयोगशाळा वापरात आहे का? जर्नल तपासतात का?
५. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि घरची गाडी किती वाजता?
६. ग्रंथालयात बसून वाचता येतं का? किती वाजेपर्यंत?
७. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? स्वच्छ असतं का?
८. माझ्याएवढेच मार्क घेऊन आलेली मुलं बारावीला किती मिळवतात?

आठही उत्तरं मनासारखी देणारं कॉलेज मिळणं कठीणच. मग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे तीन प्रश्न कोणते, ते ठरवा आणि त्यांच्या जोरावर क्रम लावा.

त्या मुलीनं काय केलं, असं विचारताय ना? तिनं जुनी यादी बाजूला ठेवली आणि नवी केली. तालुक्याचं कॉलेज पहिलं, जीवशास्त्राची तुकडी, अनुदानित. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा फराळाबरोबर जर्नलही घेऊन आली होती. सरांनी एका आकृतीवर लाल शाईनं मोठी फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'पुन्हा काढ'. तिनं ती पुन्हा काढली होती. तिचे वडील म्हणाले, "बाई, पोरगी रोज जाते. खाडा नाही एक." ती आता बारावीत आहे. नर्सिंगची परीक्षा अजून पुढे आहे आणि अभ्यास तिलाच करायचाय. पण जीवशास्त्राची वाट तिच्यापुढे मोकळी आहे.

मग काय मुलांनो, काढणार ना एक शंभर पानी वही? डबा घ्या, आई किंवा बाबांना बरोबर घ्या आणि बसा एसटीत. रकाने भरायचे ते परत आल्यावर! तुमच्या पुढच्या वाटचालीला तुमच्या या बाईंच्या मनापासून शुभेच्छा.